मातीची भट्टी आणि फिरती भट्टी

तंत्रविद्येचा इतिहास बहुधा शिडीच्या रूपाने सांगितला जातो. खालची पायरी मागासलेली, वरची पुढारलेली, आणि एकदा वर चढून गेल्यावर खालच्या पायरीकडे वळून पाहण्याचे कारण उरत नाही, असा त्या मांडणीचा रोख असतो. लोखंडाच्या बाबतीत ही मांडणी टिकत नाही. धातुकापासून एकाच टप्प्यात घडाऊ लोखंड काढण्याची रीत दक्षिण भारतातील खेड्यांत दोन हजारांहून अधिक वर्षे चालू होती. एकोणिसाव्या शतकात ती कालबाह्य ठरवली गेली. आणि त्याच शतकाच्या उत्तरार्धात युरोपातील एक अग्रगण्य अभियंता नेमकी तीच गोष्ट फिरत्या भट्टीत साधण्यासाठी आपली बुद्धी आणि पैसा खर्ची घालीत होता. पुढे शतकभराने फिरती भट्टी बदललेल्या रूपात भारतात आली आणि येथेच तिचा सर्वाधिक विस्तार झाला. या प्रवासाचे बरेचसे दुवे जुन्या मद्रास इलाख्यात सापडतात. चेन्नईच्या एगमोर भागातील शासकीय संग्रहालयात आदिच्चनल्लूरच्या दफनभूमीतून आलेली लोखंडी हत्यारे जतन केलेली आहेत. शहराच्या उत्तरेस सुमारे ४५ किलोमीटरवर गुम्मिडीपूंडीच्या औद्योगिक वसाहतीत कोळशाच्या साहाय्याने धातुकाचे थेट लोखंड करणारा व्यवसाय उभा राहिला आहे. या दोन टोकांमध्ये जे घडले, ते समजून घेतल्यावाचून भारतातील लोहविद्येच्या ऱ्हासाविषयी केलेली विधाने एक तर गौरवगाथा होतात किंवा शोकगीते.

प्रथम परिभाषा स्पष्ट करणे आवश्यक आहे. शुद्ध लोखंड सुमारे १५३८ अंश सेल्सियसला वितळते. परंतु धातुकातील ऑक्सिजन काढून टाकण्याची क्रिया, म्हणजे क्षपण, त्याहून पुष्कळच कमी तापमानाला होऊ शकते. लाकडी कोळशाच्या जळण्यातून निर्माण होणारा कार्बन मोनॉक्साइड वायू हे काम करतो. लहान भट्टीत लोखंड घनरूपच राहते, धातुकातील माती-वाळूची मळी मात्र वितळून खाली उतरते. शेवटी भट्टीच्या तळाशी उरतो तो मळी अंगात मुरलेला सच्छिद्र गोळा. तो लाल असतानाच घणाखाली ठोकला की मळी बाहेर फेकली जाते आणि घडाऊ लोखंड हाती येते : चिवट, वाकणारे, जोड घेणारे. ही थेट रीत. उंच झोतभट्टीत याच्या उलट घडते. तेथे तापमान आणि कोळशाचा सहवास इतका वाढतो की लोखंड कार्बन शोषून घेते, वितळते आणि ओतता येते. परंतु ते ठिसूळ बीड असते. त्याचे घडाऊ लोखंड करायचे तर शोषलेला कार्बन पुन्हा जाळून काढावा लागतो. म्हणजे आधी नको ते मिसळायचे आणि मग ते वेगळे करायचे, असा हा दुहेरी खटाटोप आहे. प्रचंड प्रमाणावर उत्पादन करता येते, एवढ्या एका गुणावर या रीतीने जग जिंकले.

मराठीतील ‘लोखंड’ हा शब्द येथे लक्षणीय ठरतो. संस्कृत ‘लोहखंड’ या समासापासून तो आला. धातूच्या नावातच तिचा तुकडा, तिचा खंड सामावलेला आहे. लोखंड रसरूपाने वाहत नव्हते, खंडरूपाने हाती येत होते, त्या काळातील भाषेचा हा ठसा मानता येतो. शब्दावरून इतिहास सिद्ध होत नाही, हे खरे. पण उत्खननांची साक्ष त्याला विसंगत नाही. नागपूर जिल्ह्यातील नायकुंड येथे शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांच्या नेतृत्वाखाली १९७८ ते १९८० या काळात झालेल्या उत्खननात महापाषाणयुगीन वस्तीत लोखंड गाळण्याची भट्टी उजेडात आली. महाबळेश्वरच्या परिसरात जांभ्यातील धातुकापासून लोखंड काढणारा धावड समाज तर अगदी अलीकडच्या इतिहासातला आहे. तमिळ प्रदेशातील पुरावा याहून विपुल आहे. थूत्तुक्कुडी जिल्ह्यातील आदिच्चनल्लूर येथे अलेक्झांडर री यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी उत्खनन केले. ईरोड जिल्ह्यातील कोडुमणल येथे लोखंड आणि पोलाद तयार करण्याच्या भट्ट्यांचे अवशेष मिळाले. जानेवारी २०२५ मध्ये तमिळनाडू शासनाने चेन्नईत प्रसिद्ध केलेल्या अहवालात शिवगळै येथील नमुन्यांच्या कालमापनावरून लोखंडाचा वापर इ. स. पू. चौथ्या सहस्रकाच्या उत्तरार्धापर्यंत मागे नेला आहे. या कालनिर्णयावर अभ्यासकांची चर्चा चालू आहे आणि ती चालू राहणेच योग्य आहे. तो वाद कसाही सुटला, तरी लोहविद्या या भूमीत दीर्घकाळ मुरलेली होती, याला बाध येत नाही.

या विद्येचे लिखित वर्णन मात्र तिच्या जाणकारांनी केले नाही. ते परक्यांनी केले. फ्रान्सिस बुकॅनन हा कंपनी सरकारचा वैद्य १८०० मध्ये मद्रासहून निघून म्हैसूर, कानडा आणि मलबार या प्रदेशांतून फिरला. १८०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासवृत्तांतात लोखंड गाळणाऱ्यांच्या भट्ट्या, त्यांचे भाते, मजुरांची वाटणी यांची बारकाईने नोंद आहे. त्याच्याही आधी, १७९४ च्या सुमारास, मुंबईतील डॉक्टर हेलेनस स्कॉट याने दख्खनी पोलादाचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले होते. ‘वूट्झ’ या नावाने ते युरोपात गाजले. कानडीतील ‘उक्कु’ या शब्दाचा हा अपभ्रंश असल्याचे सामान्यतः मानले जाते. मायकेल फॅरडे याने १८१९ नंतर स्टोडार्ट या शस्त्रकारासह केलेल्या मिश्रधातूंच्या प्रयोगांना या पोलादाचीच प्रेरणा होती. हे पोलाद ज्यापासून होई ते लोखंड थेट रीतीने काढलेले असे, ही गोष्ट त्या कुतूहलात काहीशी बाजूला पडली.

या रीतीचे विस्तृत वर्णन ज्याने केले, तोच तिच्या जागी दुसरी रीत आणू पाहणारा होता, हा या इतिहासातील बोलका योगायोग आहे. जोसाया मार्शल हीथ हा मद्रासच्या मुलकी सेवेतील अधिकारी. सेलम भागातील खेड्यांतील भट्ट्या त्याने पाहिल्या. पुरुषाच्या कमरेपासून खांद्यापर्यंत उंचीची, तळाशी रुंद आणि वर निमुळती मातीची भट्टी. बकऱ्याच्या कातड्याचे दोन भाते, एक फुगताना दुसरा दाबला जाई, म्हणजे वारा खंडत नसे. कंजमलै टेकड्यांच्या परिसरातील काळे, चुंबकीय धातुक. आणि तीन-चार तासांनी बाहेर पडणारा लोहगोळा. या लोखंडाचे तुकडे मातीच्या मुशीत तरवडीच्या वाळक्या काटक्या आणि रुईची पाने यांसह बंद करून तापवले की पोलाद तयार होई. तरवड आणि रुई ही दोन्ही झुडपे महाराष्ट्राच्या माळरानावर आजही उगवतात. त्यांच्या या उपयोगाची आठवण मात्र उरलेली नाही. १८३९ मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात हीथने हे सारे आदराने लिहिले. प्राचीन इजिप्तमधील कठीण दगडांवरचे कोरीवकाम भारतीय पोलादाच्या हत्यारांनी झाले असावे, असा तर्कही त्याने मांडला होता.

तथापि हीथच्या मते एवढ्या समृद्ध धातुकाला या लहान भट्ट्या न्याय देत नव्हत्या. धातुकातील लोखंडाचा मोठा अंश मळीतून वाया जात होता, आणि हा आक्षेप खोटा नव्हता. सेवा सोडून, इंग्लंडमधील कारखाने पाहून त्याने १८३० मध्ये दक्षिण अर्काट जिल्ह्यातील पोर्टो नोव्हो, म्हणजे परंगीपेट्टै, येथे झोतभट्टीचा कारखाना उभारला. शिवाजी महाराजांच्या दक्षिण दिग्विजयानंतर हा किनारा काही काळ मराठी अंमलाखाली होता आणि १७८१ मध्ये हैदर अलीची इंग्रजांशी मोठी लढाई येथेच झाली होती. सेलमचे धातुक होड्यांतून नदीमार्गे किनाऱ्यावर यायचे, आसपासच्या रानातील लाकडाचा कोळसा वापरायचा आणि तयार बीड जहाजाने इंग्लंडला धाडायचे, अशी ही योजना होती. मद्रास सरकारने कर्ज दिले, सवलती दिल्या. शेफील्डमध्ये या बिडाच्या गुणवत्तेविषयी तक्रार नव्हती. तरीही उद्योग नफ्यात आला नाही. झोतभट्टीची भूक अखंड असते. ती विझवून ठेवता येत नाही. जवळची राने संपत गेली तसा कोळसा दुरून आणावा लागला आणि महाग होत गेला. पुढे १८५३ मध्ये स्थापन झालेल्या ईस्ट इंडिया आयर्न कंपनीने पोर्टो नोव्होबरोबर मलबारातील बेपूर येथेही काम चालवले; १८७४ मध्ये ती कंपनीही विसर्जित झाली. हीथ स्वतः १८५१ मध्ये वारला. पोलाद करताना मँगनीज वापरण्याची युक्ती त्याने १८३९ मध्ये पेटंट केली होती. शेफील्डला तिचा अमाप फायदा झाला आणि संशोधकाच्या वाट्याला मुख्यतः कोर्टकज्जे आले.

येथे एक वस्तुस्थिती लक्षात घेतली पाहिजे. मद्रास इलाख्यात जी बंद पडली ती ‘पुढारलेली’ झोतभट्टी होती. जिच्या जागी ती आली होती ती मातीची भट्टी सेलमच्या खेड्यांत त्यानंतरही तग धरून होती. १८९२ मध्ये टी. एच. हॉलंड या भूवैज्ञानिकाने सेलम जिल्ह्यातील धातुकाचा आणि लोहोद्योगाचा अहवाल लिहिला, तेव्हा त्याला तिचे वर्णन प्रत्यक्ष पाहून करता आले. त्याआधी १८४२ च्या सुमारास मद्रासमधील सहायक सर्वेक्षक कॅप्टन कॅम्पबेल याने दक्षिण भारतातील घडाऊ लोखंडावर लेख लिहून असे मत दिले होते की, येथील हलक्यात हलके लोखंडही इंग्लंडच्या उत्तम लोखंडाच्या तोडीचे आहे. धरमपाल यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अठराव्या शतकातील भारतीय विज्ञानविषयक ग्रंथात हे लेख पुन्हा छापले, तेव्हा कोठे ते भारतीय वाचकांच्या चर्चेत आले. कॅम्पबेलचे मत अतिशयोक्त मानले, तरी एक प्रश्न उरतो : गुणात उणे नसलेली रीत नाहीशी का झाली? उत्तर भट्टीच्या आत कमी आणि बाहेर अधिक सापडते. इंग्लंडचे स्वस्त लोखंड जहाजांतून आणि पुढे रेल्वेतून गावोगाव पोचले. १८७८ चा भारतीय वन कायदा आणि १८८२ चा मद्रास वन कायदा यांनी रानातील लाकूड सरकारी झाले. लोणाऱ्याचा कोळसा म्हणजे एकाएकी चोरी किंवा कर. लहान भट्टीलाही कोळसा पुष्कळ लागे आणि रानावर तिचा भार होताच. मात्र पावसाळ्यात विसावणारी, एका कुटुंबाच्या बळावर पेटणारी ही भट्टी आणि रेल्वेच्या स्लीपरांसाठी होणारी वृक्षतोड यांना एकाच मापाने मोजता येत नाही.

याच सुमारास इंग्लंडमध्ये उलटे पाऊल पडत होते. हेन्री कॉर्टने १७८४ मध्ये शोधलेल्या पडलिंगच्या रीतीने बिडाचे घडाऊ लोखंड होई. परंतु त्यासाठी धगधगत्या भट्टीसमोर उभे राहून लोखंडी सळईने लगदा ढवळणारा कसबी कामगार लागे. ते काम माणसाला झिजवणारे होते. त्या हाताची जागा यंत्राने घ्यावी, ही गरज होती. जर्मनीत जन्मलेल्या आणि इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या विल्यम सीमेन्स याने याच्याही पुढचा विचार केला. बीड करून मग ते शुद्ध करण्यापेक्षा धातुकातूनच घडाऊ लोखंड का काढू नये? वेल्समधील लँडोर आणि नॉर्थॅम्प्टनशरमधील टोस्टर येथे १८७० च्या दशकात त्याने आडव्या पिंपासारख्या फिरत्या भट्टीत हा प्रयोग केला. आत उष्णतारोधक अस्तर. एका टोकाने जळता वायू. पोटात साधारण टनभर बारीक फोडलेले धातुक आणि चुनखडी. भट्टी सावकाश फिरत असताना धातुक लालभडक झाले की दगडी कोळशाचा चुरा घालायचा आणि गती वाढवायची. फिरण्यामुळे कोळसा धातुकाच्या कणाकणांत मिसळे, क्षपण वेगाने होई, मळी वितळून वेगळी होई आणि उरलेले लोखंड गोळ्यांच्या रूपाने एकत्र येई. ते काढून घणाखाली द्यायचे. आकार, इंधन, यंत्रबळ सारे बदलले होते. तत्त्व मात्र सेलमच्या भट्टीचेच होते. तापमान लोखंडाच्या वितळणबिंदूखाली, मळी द्रवरूप, लोखंड गोळारूप, आणि शेवटचा शब्द घणाचा.

सीमेन्सचा प्रयोग तांत्रिक दृष्ट्या फसला नाही. धातुकातील गंधक आणि फॉस्फरस बरेचसे मळीत राहत, त्यामुळे हलक्या धातुकापासूनही चांगले लोखंड मिळे. पण अस्तर लवकर झिजे आणि लोखंडाचा मोठा भाग मळीतून निघून जाई. मातीच्या भट्टीवर हीथने ठेवलेला ठपका चाळीस वर्षांनी युरोपातील फिरत्या भट्टीलाही जसाच्या तसा लागू पडला. थेट रीतीत मळी वाहती ठेवण्यासाठी काही लोखंड तिला द्यावेच लागते. हा कारागिराच्या अज्ञानाचा दोष नव्हता, रसायनाचा नियम होता. त्यातच सीमेन्सच्याच भट्टीवर आधारलेल्या खुल्या चुलीच्या पद्धतीने पोलाद स्वस्त केले आणि १८७० च्या दशकाच्या अखेरीस गिलख्रिस्ट टॉमसने फॉस्फरसचा प्रश्न वेगळ्या मार्गाने सोडवला. घडाऊ लोखंडाची बाजारपेठच ओसरली. १८८३ मध्ये सीमेन्स वारला, तेव्हा थेट रीतीचे भवितव्य जवळजवळ संपल्यासारखे दिसत होते.

ते संपले नाही, याचे कारण भारतापुरते तरी कोळशात आहे. झोतभट्टीला कोक लागतो आणि कोक होण्याजोगा दगडी कोळसा या देशात थोडा आहे. या अडचणीचा अनुभव विदर्भाने फार आधी घेतला होता. चांदा जिल्ह्यातील लोहाऱ्याच्या धातुकाविषयी रिटर फॉन श्वार्ट्‌झ यांचा अहवाल १८८२ मध्ये आला आणि जमशेटजी टाटांचे लक्ष त्याकडे वेधले गेले. पण वरोऱ्याचा कोळसा कोकसाठी निरुपयोगी ठरला आणि पोलादाचा कारखाना शेवटी साकचीला गेला. सेलमच्या वाट्यालाही असेच आले. तेथील धातुकावर पोलाद कारखाना उभारण्याची मागणी स्वातंत्र्यानंतर मद्रासच्या राजकारणात वर्षानुवर्षे होत राहिली. १९८१ मध्ये कारखाना सुरू झाला खरा, पण तो बाहेरून आणलेल्या पोलादाचे गंजरोधक पत्रे लाटणारा होता. कंजमलैचे धातुक जागच्या जागी राहिले.

कोकची गरज नसलेली फिरती भट्टी या पार्श्वभूमीवर भारताला सोयीची ठरली. दरम्यान तिचे रूप पालटले होते. आता ती किंचित उतरती ठेवलेली लांब नळी झाली. मोठ्या भट्टीची लांबी ८० मीटरपर्यंत जाते. वरच्या टोकाने धातुक आणि साधा कोळसा आत शिरतो, सुमारे १००० ते ११०० अंशांच्या तापात कित्येक तास गडगडत खाली येतो आणि दुसऱ्या टोकाला धातुकाचे खडे आकार न बदलता सच्छिद्र लोखंडाचे होऊन बाहेर पडतात. हे स्पंज लोह. तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील पालोंचा येथे संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने उभारलेल्या प्रात्यक्षिक कारखान्यात १९८० मध्ये उत्पादन सुरू झाले. २००३ पासून भारत स्पंज लोहाच्या उत्पादनात जगात पहिला आहे. अलीकडे वार्षिक उत्पादन पाच कोटी टनांच्या पुढे गेले असून त्यातील फार मोठा वाटा कोळशावर चालणाऱ्या फिरत्या भट्ट्यांचा आहे. गुम्मिडीपूंडीप्रमाणेच चंद्रपूर जिल्ह्यातील घुग्घुस येथेही हा उद्योग आहे. लोहाऱ्याच्या धातुकाने जे एकोणिसाव्या शतकात साधले नाही, ते शतकाहून अधिक काळाने त्याच जिल्ह्यात वेगळ्या वाटेने साधले.

या साम्यावरून घाईने विजयाची पताका उभारणे मात्र योग्य होणार नाही. स्पंज लोह म्हणजे घडाऊ लोखंड नव्हे. घणाऐवजी ते विजेच्या भट्टीत जाते आणि वितळून पोलाद होते. मळीही येथे वितळून वेगळी होत नाही, ती लोखंडातच राहते. धूर आणि काजळी यांमुळे हे कारखाने प्रदूषणाच्या सर्वांत वरच्या वर्गात मोडतात, आणि त्यांच्या भोवतालच्या शेतांवर बसणारा काळा थर हा विकासाच्या चर्चेत दुर्लक्षून चालणार नाही. थेट रीत परतली, पण ती ज्यांच्या हातांत होती ते परतले नाहीत. भट्टीच्या तोंडाशी दिसणाऱ्या ज्वाळेच्या रंगावरून आतला वेळ ओळखणारा, मळी कधी सोडायची हे तिच्या वाहण्यावरून ठरवणारा माणूस या साखळीतून निखळला. व्हेरिअर एल्विन यांनी १९४२ मध्ये मध्य भारतातील अगरिया समाजावर ग्रंथ लिहिला, तेव्हा ही विद्या मावळतीला लागली होती. तरी तिच्याभोवतीच्या दैवतकथा आणि विधिनिषेध नोंदले गेले. सेलमच्या गाळणाऱ्यांना किंवा महाबळेश्वरच्या धावडांना असा एल्विन भेटला नाही.

साहित्याची साक्षही येथे अपुरी पडते. प्राचीन तमिळ ‘पुरनानूरु’मध्ये भाला घडवून देणे हे लोहाराचे कर्तव्य म्हणून सांगितले आहे, तेथे लोहार युद्धाच्या नीतीत स्थान मिळवतो. मराठी संतवाङ्मयात लोखंड वारंवार येते ते परिसाच्या दृष्टान्तात : स्पर्श होताच सोने होणारी, स्वतः हीन अशी धातू. दृष्टान्ताचा हेतू आध्यात्मिक आहे आणि त्यात खोट काढण्याचे कारण नाही. परंतु लोखंड स्वतःच एका अवघड परिवर्तनातून जन्मते, लाल-काळ्या दगडाचे ते होते, आणि ते घडवून आणणारी माणसे गावकुसाच्या आसपासच राहतात, याची जाणीव आपल्या वाङ्मयाने क्वचितच शब्दबद्ध केली. बलुतेदारांत लोहाराला मान होता, कारण तो नांगराचा फाळ देत होता. त्याच्या मागे रानात भट्टी लावणारा मात्र बलुत्याच्या हिशेबातही बहुधा नसे.

म्हणूनच या इतिहासाचे वाचन करताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवणे इष्ट आहे. कोणती रीत टिकली, हा इंधनाचा, बाजाराचा आणि कायद्याचा प्रश्न आहे. कोणती रीत शहाणपणाची होती, हा वेगळा प्रश्न आहे. पोर्टो नोव्होची झोतभट्टी, टोस्टरची फिरती भट्टी आणि सेलमची मातीची भट्टी या तिन्ही एकाच शतकात हरल्या, पण प्रत्येकीच्या हरण्याचे कारण निराळे होते. त्यांतील दोघींच्या कर्त्यांची नावे, पेटंटे आणि व्याख्याने ग्रंथालयांत जपली गेली. तिसरीच्या कर्त्यांकडून वारशाने उरले आहेत ते सेलमच्या टेकड्यांच्या पायथ्याशी विखुरलेले मळीचे ढीग. त्या मळीत अजूनही पुष्कळ लोखंड आहे. हीथला तो अपव्यय दिसला. अभ्यासकाच्या दृष्टीने तोच आता त्या विद्येचा सर्वांत विश्वसनीय दस्तऐवज आहे.